'आरोग्य आणि सामाजिक धोरण' शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

कुंपणावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जीवशास्त्रात पदवी झाली. पुढे विद्यापीठात 'आरोग्य आणि सामाजिक धोरण' या विषयाला प्रवेश मिळालाय आणि होकार कळवायला अकरा दिवस उरलेत. अडचण अशी की मी काय शिकणार हे मला घरी धड सांगताच येत नाहीये. बाबा म्हणाले, "म्हणजे डॉक्टर नाही." नाही. "मग हॉस्पिटल चालवणार?" तसंही नाही. शेवटी आजीनेच तोडगा काढला, "सरकारला सल्ला द्यायचा आणि सरकारने तो ऐकायचा नाही, असं काहीतरी ना?" याहून बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

अभ्यासक्रम बघितला. थोडं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र, थोडा इतिहास, संख्याशास्त्राचे दोन पेपर, नीतिशास्त्र, शेवटी प्रबंध. सगळ्यातलं चिमूटचिमूट येईल आणि पोटभर काहीच नाही, अशी धास्ती वाटते. त्यात मैत्रीण म्हणते की आधी चार वर्षं कुठेतरी काम कर, नाहीतर एसीत बसून गरिबीवर निबंध लिहीत बसशील.

जे हे शिकलेत किंवा या क्षेत्रात आहेत त्यांना विचारते: हा खरंच एक विषय आहे का? आणि आधी काम की आधी शिक्षण?

अर्धी_विकेट

आजींना प्रवेश द्या. थेट पीएचडीला.

नफातोटा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अर्थशास्त्र शिका. आरोग्य धोरणात जे काही ठोस आहे ते अर्थशास्त्राने दिलंय, बाकीचं सद्भावना. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली एका लेखात मांडलं की आजारपण कधी येईल ते सांगता येत नाही आणि उपचाराबद्दल डॉक्टरला जे कळतं ते रुग्णाला कळत नाही, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. आरोग्याचं अर्थशास्त्र तिथून उभं राहिलं. मुळाशी जा, फांद्या कशाला मोजता?

बिनखात्याचा

@कुंपणावरची, मी हाच विषय शिकलोय, त्यामुळे एक गोष्ट सांगतो.

१८५४, लंडन. ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघरी चौकशी करून दाखवलं की मेलेले बहुतेक जण एकाच पंपाचं पाणी पीत होते. त्याने स्थानिक मंडळाला पटवलं आणि पंपाचं हँडल काढायला लावलं. इथवरची गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते.

साथ ओसरल्यावर ते हँडल परत बसवलं गेलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. स्नोचं म्हणणं खरं मानायचं तर विष्ठा पिण्याच्या पाण्यात जातेय हे कबूल करावं लागत होतं. ते पचायला जड, आणि त्यावरचा इलाज महाग. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी सडली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये बुडवून लावायची पाळी आली. तेव्हा कुठे खासदार हलले आणि काही आठवड्यांत गटारयोजनेच्या पैशाचा कायदा पास झाला.

हँडल का काढायचं, हे साथरोगशास्त्र. ते परत कसं काय बसलं आणि चार वर्षांनी पैसे कुठून आले, हा तुझा विषय. घरी एवढंच सांग.

अर्धी_विकेट

थोडक्यात, कुठलाही प्रश्न सोडवायचा असेल तर तो उचलून खासदारांच्या खिडकीखाली नेऊन ठेवायचा. दोन वर्षांची फी वाचली, या धाग्याचे आभार.

पेनकिलर

बिनखात्याचा, प्रतिसाद आवडला. मी डॉक्टर आहे. शिकत असताना आम्हाला हा भाग सामुदायिक वैद्यकाच्या तासाला असायचा आणि त्या तासाला आम्ही झोपायचो. पंधरा वर्षांनी कळतंय की माझ्या ओपीडीत कोण पोचतं आणि कोण पोचतच नाही, हे मी ठरवत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातला एक जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होता. त्याने १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि सेवेला बाजाराचे नियम जितके लागू होतात तितकं हे प्रमाण आणखी उलटं होत जातं. वाचलं तेव्हा माझ्या दवाखान्याचंच वर्णन वाचतोय असं वाटलं.

नफातोटा

'बाजाराचे नियम' हा शब्द आलाच. वाट बघत होतो.

सोनटक्का

माझा प्रश्न बाळबोध असेल. पण आरोग्य आणि सामाजिक धोरण हे दोन्ही एकत्र का शिकवतात? निवृत्तिवेतन, घरं, बेकारभत्ता यांचा नि हॉस्पिटलचा काय संबंध?

बिनखात्याचा

@सोनटक्का, बाळबोध अजिबात नाही. पहिल्या सत्राचा निम्मा वेळ यातच जातो.

लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावाचा. सुमारे १८,००० पुरुष. यात उपाशी कोणी नाही, बेघर नाही, सगळ्यांना पक्की नोकरी आणि दवाखाना मोफत. आता अशा लोकांत आरोग्याचा फरक असायचं काही कारण आहे? तरी तळाच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे निरोपे-चपराशी वगैरेंचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीच्या आसपास निघाला. खालचे लोक सिगारेट जास्त ओढायचे, पण त्याने फरकाचा काही भागच उलगडतो. आणि गंमत म्हणजे हा फरक फक्त तळाशी नाही. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जातो. अख्खा जिनाच उतरता.

दवाखाना सगळ्यांना सारखा आणि मरणं वेगवेगळी, म्हटल्यावर कारण दवाखान्याबाहेर शोधावं लागतं. काम कसलं आहे, कामावर आपलं किती चालतं, घर कसं, म्हातारपणाची सोय काय. म्हणून दोन्ही एकत्र.

चपळ_कासव

वरून दुसऱ्या पायरीवर आहे. धागा बंद करून फिरायला निघालो.

ड्यूटी_संपली

मी नर्स. बारा वर्षं वॉर्डात काढली आणि मग हा अभ्यासक्रम केला, म्हणजे 'आधी काम' या पक्षातली म्हणा हवं तर. एक किस्सा सांगते.

दुसऱ्या सत्रात आम्हाला क्षेत्रकार्याला पाठवलं होतं. एका बाह्यरुग्ण विभागात बसायचं आणि प्रतीक्षेचा वेळ मोजायचा. त्यांच्या अहवालात सरासरी चाळीस मिनिटं लिहिलेली. मी सकाळी आठला पोचले, केसपेपर काढल्याची वेळ नि डॉक्टरांनी पाहिल्याची वेळ लिहीत गेले, सरासरी एकेचाळीस आली. खूश झाले, म्हटलं आकडा जुळला, काम झालं.

आमच्या बाईंनी वही बघितली आणि एकच विचारलं, "लोक आले कधी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेले. फाटक बंद. बाहेर भिंतीच्या कडेने चपला, पिशव्या, विटेचे तुकडे ओळीने लावून ठेवलेले, प्रत्येक वस्तू म्हणजे एका माणसाचा नंबर. माणसं पलीकडे आडोशाला बसलेली. एका बाईने चारला येऊन आपली फाइल दगडाखाली ठेवली होती. खिडकी उघडणार साडेआठला. तिचा केसपेपर निघाला आठ पंचावन्नला आणि डॉक्टरांनी तिला पाहिलं साडेनऊला. अहवालाच्या हिशेबात तिने पस्तीस मिनिटं वाट पाहिली.

बारा वर्षं मी त्याच प्रकारच्या फाटकातून ड्यूटीला आत जात होते. चपलांची रांग रोज दिसायची. ती मोजायची असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे आता 'आधी काम करा' असं छातीठोक सांगायला जीभ रेटत नाही. काम केल्याने दिसतंच असं नाही.

सोनटक्का

चपलांची रांग डोळ्यांपुढून जाईना.

पेनकिलर

+१. आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

जुनी_वही

ड्यूटी_संपली ताई, हाच प्रकार ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर झाला होता. जीपीची वेळ अठ्ठेचाळीस तासांच्या आत मिळालीच पाहिजे असं लक्ष्य ठरलं. मग पुष्कळ दवाखान्यांनी पुढच्या तारखा देणंच थांबवलं! आठवड्यानंतरची वेळ मागितलीत तर उत्तर मिळायचं की त्या दिवशी सकाळी फोन करा. लक्ष्य कागदोपत्री पूर्ण. २००५ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी हे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

घड्याळ कधी सुरू करायचं हे ज्याच्या हातात, त्याची सरासरी नेहमी उत्तम.

नफातोटा

किस्से उत्तम आहेत, पण किश्शांनी धोरण बनत नाही. आता खरा प्रश्न. सेवा फुकट दिली की गर्दी होणारच, चपलांची रांग त्यामुळेच लागते. नाममात्र शुल्क लावा, गरज नसलेले गळतील. हे माझं मत नाही, प्रयोग झालाय. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने २,७५० कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या विमा योजनांत घातलं. कुणाला सगळं मोफत, कुणाला खिशातून वाटा. मोफतवाल्यांनी साधारण तीस टक्के जास्त सेवा वापरल्या आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत मोठा फरक पडला नाही.

पेनकिलर

@नफातोटा, अर्धाच निकाल सांगितलात. खिशातून पैसे द्यावे लागले तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचार टाळले, तसे आवश्यकही टाळले, जवळपास सारख्याच प्रमाणात. कुठलं दुखणं साधं आणि कुठलं घातक हे ठरवता येत असतं तर माणूस माझ्याकडे कशाला आला असता? आणि 'सरासरी माणूस' म्हणताय, तर त्याच प्रयोगात गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना मोफत सेवेचा फायदा झालेला दिसला. ज्यांचं नडतं तेच नेमके सरासरीत विरघळून जातात.

नफातोटा

मग ऑरेगन घ्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या त्या राज्याने गरिबांच्या सरकारी विम्याच्या मोजक्या जागा चक्क सोडत काढून वाटल्या. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, कशातही ठोस फरक नाही.

पेनकिलर

आणि नैराश्य घटलं, आजारपणाने कंगाल होण्याचे प्रसंग जवळजवळ संपले, ते? विमा हा मुळात पैशाच्या फटक्यापासून वाचवायला असतो. छत्री घेतल्याने ताप उतरला नाही म्हणून छत्री निकामी म्हणायची का?

नाममात्र शुल्काचंच बोलायचं तर केनियातला मच्छरदाण्यांचा प्रयोग वाचा. गर्भवतींना काही दवाखान्यांत मच्छरदाणी मोफत आणि काही ठिकाणी थोड्या किमतीला. किंमत शून्यावरून साठ सेंटवर गेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्के-बिंदूंनी पडलं. आणि पैसे मोजून घेणाऱ्या बायका ती जास्त नेमाने वापरत होत्या, असंही काही दिसलं नाही. "फुकटाची किंमत नसते" हे आपण फक्त म्हणत आलोय.

अर्धी_विकेट

सामना रंगतोय. आजींना कुणीतरी उठवा.

नफातोटा

केनियाचा मुद्दा मान्य. मच्छरदाणी आणि ओपीडी एकच नव्हे, तरी मान्य.

बिनखात्याचा

@कुंपणावरची, वरचे प्रतिसाद जपून ठेव. वर्गात हेच चालतं, फक्त तिथे दर वाक्याला पुरावा मागतात. नफातोटा आणि पेनकिलर दोघंही खरं बोलतायत, प्रयोगही तेच. एकाने विचारलं 'सरासरी किती', दुसऱ्याने विचारलं 'कोणाचं'. पहिल्या वर्षी मला वाटायचं की पुरावा पुरेसा जमला की भांडण मिटेल. दुसऱ्या वर्षी कळलं की निम्मं भांडण पुराव्याचं नसतंच, कशाला महत्त्व द्यायचं याचं असतं. कुठला भाग कुठल्या जातीचा हे ओळखता आलं तरी पदवी वसूल.

ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था कुठलं औषध सरकारी खर्चाने द्यायचं ते सुचवते. निरोगी आयुष्याचं एक जादा वर्ष बरीच वर्षं साधारण २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंत 'परवडणारं' मानलं गेलं. वर्गात ऐकताना सगळे संतापले होते, आयुष्याची किंमत लावता म्हणून. मास्तर म्हणाले, ठीक आहे, ही रेघ पुसा आणि कुठल्या रुग्णाला नाही म्हणायचं ते तुम्ही सांगा. तासभर कुणीच काही बोललं नाही. मलाही अजून सांगता येणार नाही.

जुनी_वही

नाममात्र शुल्कावरून अवांतर: ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाली, सगळं मोफत. ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी तीनच वर्षांत राजीनामा दिला. कारण? सरकारने कवळ्या आणि चष्म्यांना शुल्क लावायचं ठरवलं.

चपळ_कासव

कवळीवरून मंत्रिपद सोडलं?! माणूस दातओठ खाऊन भांडला असणार.

जुनी_वही

खाणार कसा, दात तर शुल्कात अडकलेले.

सोनटक्का

दोघंही बाहेर उभे राहा. 😄

त्रयस्थ

मला एकूणच हा विषय जाहीरनाम्यांचा वाटतो. १९७८ ला अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत १३४ देशांनी सह्या-शिक्के केले, 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य'. २००० आलं आणि गेलं. मग पुढची तारीख, पुढचं घोषवाक्य. पोरीने दोन वर्षं हे पाठ करून काय करायचं?

जुनी_वही

@त्रयस्थ, घोषवाक्य फसलं यात वाद नाही. पण कसं फसलं ते शिकण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे गावातलीच माणसं तयार करायची, पाणी, अन्न, शिक्षण सगळं एकत्र धरायचं, ही कल्पना काही परिषदेत बसून सुचलेली नव्हती. चीनचे अनवाणी डॉक्टर होते, जामखेडचा प्रयोग होता, अशी जमिनीवरची कामं आधी झालेली होती. परिषदेनंतर वर्षभरातच दुसरा सूर निघाला की एवढं सगळं परवडायचं नाही, तूर्त मोजक्या स्वस्त आणि परिणामकारक गोष्टी करू. लसी, जलसंजीवनी, स्तनपान, मुलांच्या वाढीची नोंद. या मोजक्या गोष्टींनी पुष्कळ मुलं वाचली, हेही खरं. आणि 'तूर्त' तसंच राहून गेलं, हेही खरं. यातलं काय बरोबर होतं यावर अजून भांडणं होतात. मी चाळीस वर्षांत दोनदा बाजू बदलली आहे.

त्रयस्थ

ठीक. पण नोकरीचं काय, ते कोणीच बोलत नाहीये.

ड्यूटी_संपली

बोलते. या पदवीवर कुठेही पाटी लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या वर्गातले दोघं मंत्रालयीन विभागांत विश्लेषक झाले, एक विमा कंपनीत गेला (त्याला आम्ही अजून चिडवतो), तिघी संस्थांमध्ये कार्यक्रमांचं मूल्यमापन करतात, एक पत्रकार झाली आणि तीच सगळ्यांत उपयोगी पडतेय. दोघांनी हे क्षेत्र सोडलं. मी हॉस्पिटलच्या प्रशासनात आहे. ज्यांना संख्याशास्त्र आणि नीट लिहिणं, दोन्ही जमलं त्यांचं अडलं नाही. एकच जमलं त्यांना वेळ लागला. @कुंपणावरची, ते दोन पेपर ओझं समजू नकोस, तेच तुझं हत्यार.

कुंपणावरची

बापरे, एका दिवसात एवढं! सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. संख्याशास्त्राला घाबरते हे कबूल करते. आणि 'आधी काम' वाला मुद्दा अजून डोक्यात आहे. ड्यूटी_संपली ताई, तुम्ही काम करूनच गेलात ना, म्हणून ते बाईंचं वाक्य तुम्हाला लागलं. मला लागेल का?

कारकून_नं_४

सहसा लिहीत नाही. या प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

सहा वर्षं एका कल्याण कार्यालयात खिडकीवर होतो. अपंगत्व साहाय्याचे अर्ज घ्यायचो. अकरा पानांचा अर्ज, शेवटच्या पानावर सहीची चौकट. सही चौकटीबाहेर गेली की अर्ज परत, असा नियम. एक गृहस्थ यायचे, अर्धांगवायूने उजवा हात गेलेला. डाव्या हाताने सही करायचे. ती सही खाली उतरत रेघ ओलांडून जायची. मी अर्ज परत दिला. पुन्हा आले, पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यासमोर, जीभ दातांत धरून, तीन मिनिटं लावून सही केली. शेवटच्या अक्षराची शेपटी बाहेर गेली. मी नियम दाखवला. ते काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला. परत आले नाहीत.

तिमाही अहवालात ते 'अर्जदाराने पाठपुरावा केला नाही' या रकान्यात गेले. रकाना मीच भरला.

पुढे हा विषय शिकायला गेलो. तिथे कळलं की योजनेला पात्र असून ती न मिळालेल्या माणसांचा असा अख्खा अभ्यासच आहे. मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मांडलेलं वाचलं, की धोरण शेवटी खिडकीवरचा माणूस बनवतो. कागदावर काहीही असो, लोकांना मिळतं ते खिडकीवर जे घडतं तेच. त्या रात्री झोप लागली नाही. प्रबंधासाठी मी ती चौकट कुठून आली ते शोधलं. अर्ज स्कॅनरमधून जायचे, त्याला सही ठरावीक जागेत हवी असायची. स्कॅनर मी नोकरीला लागायच्या दोन वर्षं आधीच बंद पडून भंगारात गेला होता. चौकट राहिली, नियम राहिला. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा आधी काम की आधी शिक्षण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी शिकलो असतो तर बहुधा पहिल्याच महिन्यात विचारलं असतं. किंवा कदाचित मी त्या खिडकीवर बसलोच नसतो आणि मला ती चौकट कधी दिसलीच नसती.

सोनटक्का

...

नफातोटा

कारकून_नं_४, किश्शांनी धोरण बनत नाही असं वर म्हणालो होतो. तुमच्या किश्शाने एक नियम तरी रद्द व्हायला हवा होता. झाला का?

कारकून_नं_४

प्रबंधाची प्रत कार्यालयाला पाठवली. वर्षभराने नवीन अर्ज आला, चौकट थोडी मोठी केली होती.

अर्धी_विकेट

आजी पहिल्याच पोस्टमध्ये बरोबर होत्या.

बिनखात्याचा

कारकून_नं_४, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. सामाजिक धोरण विद्यापीठात रुजवणाऱ्यांत रिचर्ड टिटमस यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. १९५० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते सामाजिक प्रशासनाचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे स्वतःची एकही पदवी नव्हती. त्याआधी बरीच वर्षं विमा कंपनीत कारकून होते. दिवसा विम्याच्या नोंदी, संध्याकाळी मृत्यूच्या आकडेवारीवर काम.

चपळ_कासव

म्हणजे आधी काम, मग थेट प्राध्यापक. शिकायची भानगडच नाही. मैत्रिणीला कळव.

पेनकिलर

@कुंपणावरची, गमतीचा भाग सोड. 'मला लागेल का' असं विचारलंस ना? चपलांचा प्रतिसाद वाचून तू काय केलंस?

कुंपणावरची

खरं सांगू? पदवीच्या प्रकल्पाची फाइल उघडली. आम्ही एका वस्तीत रक्तक्षयाची पाहणी केली होती, दोनशे घरं. पहिल्या पानावर लिहिलंय, 'बंद घरे वगळली'. आम्ही सकाळी अकराला जायचो. त्या वेळी घर बंद कोणाचं असतं? ज्या घरातल्या सगळ्या बायका कामाला गेलेल्या असतात त्यांचं. एकोणचाळीस घरं होती. आम्हाला त्या प्रकल्पात उत्तम श्रेणी मिळाली होती.

ड्यूटी_संपली

😊 अकरा दिवसांतले किती उरले?

कुंपणावरची

पाच. आजीला हँडलची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकली आणि विचारलं, "हँडल काढल्यावर लोक पाणी आणायला किती लांब जात होते?" मला माहीत नव्हतं. बिनखात्याचा, तुम्हाला आहे?

बिनखात्याचा

नाही. दोन वर्षांत एकदाही मनात आलं नाही. आजींना साष्टांग.

अर्धी_विकेट

पीएचडीचं मी आधीच बोललो होतो.

त्रयस्थ

मग ठरलं का काही? की धाग्याचं शतक करून मग ठरवणार?

कुंपणावरची

ठरलं. होकाराचा फॉर्म आत्ता उघडलाय. शेवटी म्हणतोय, सही स्कॅन करून खालच्या चौकटीत जोडा.

कारकून_नं_४

चौकट केवढी आहे?